शिनाण्यांवरचा रवा

सन १८८८ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या अहवालग्रंथात सॅम्युअल जी या डॉक्टरांचे एक लहानसे टिपण प्रसिद्ध झाले. मुलाचे पोट फुगावे, हातापायांचे मांस झडावे, शौचाला वारंवार पातळ, फिकट आणि दुर्गंधीयुक्त व्हावे, आणि कोणत्याही औषधाला दाद न देता हा प्रकार महिनोन् महिने चालावा, असा एक जुनाट विकार त्यांनी त्यात वर्णिला होता; आणि हा रोगी बरा व्हायचाच असला तर तो पथ्यानेच होईल, असे त्यांचे ठाम मत होते. त्याच टिपणात एका बालकाची हकिकत आहे. या बालकाला रोज लिटरभराहून किंचित अधिक मापाने हॉलंडचे उत्तम प्रतीचे शिनाणे, म्हणजे खाण्याचे समुद्री शिंपले, खाऊ घातले जात. शिनाण्यांचा हंगाम होता तोवर मूल अंगाने चांगले भरले. हंगाम सरला, शिनाणे मिळेनासे झाले, आणि मूल पुन्हा खालावले. पुढच्या हंगामात मात्र त्याने त्यांना तोंडच लावले नाही.

शिनाण्यांत काही दिव्य औषधी गुण होता असे नव्हे. ते पोटभर खाणाऱ्या मुलाच्या पोटात पाव कमी जात होता, एवढाच त्या चमत्काराचा खुलासा आज आपल्याला करता येतो. जी यांना तो करता आला नाही. पथ्याचे महत्त्व अचूक ओळखणाऱ्या या चिकित्सकाने आपल्या रोग्यांना तांदूळ आणि साबुदाणा वर्ज्य सांगितला, आणि दोन्ही बाजूंनी नीट भाजलेल्या पावाच्या पातळ कापांना परवानगी दिली. खरा अपराधी ताटात राहिला आणि निरपराध्याला हद्दपारीचा हुकूम झाला. ही चूक दुरुस्त व्हायला त्यानंतर साठ वर्षे लागली. हेग येथील बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांना गव्हाविषयी संशय पूर्वीच आला होता; दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात, १९४४-४५ मध्ये, हॉलंडमध्ये दुष्काळ पडून पाव दुर्मिळ झाला तेव्हा अन्नावाचून लोक खंगत असताना याच विकाराची मुले सुधारली, आणि पावाचा पुरवठा पूर्ववत होताच ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली उट्रेख्ट विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात डिके यांनी गहू आणि राय यांचा या विकाराशी असलेला संबंध सप्रमाण मांडला. त्या विकाराला आज आपण सीलिअॅक म्हणतो, आणि गहू, जव व राय या धान्यांतील ज्या प्रथिनसमूहामुळे तो उद्भवतो त्याला ग्लुटेन.

कणकेचा गोळा वाहत्या पाण्याखाली मळत राहिले तर पिष्ट धुऊन जाते आणि हातात रबरासारखा ताणला जाणारा एक चिवट लगदा उरतो, तोच ग्लुटेन. पोळी न फाटता लाटली जाते आणि पाव फुगून तसाच राहतो तो याच्याच बळावर. परंतु याच प्रथिनाचे काही तुकडे मनुष्याच्या पाचकरसांना पुरते तोडता येत नाहीत. बहुसंख्य लोकांत त्यामुळे काहीच बिघडत नाही. ज्यांच्या अंगी विशिष्ट आनुवंशिक घटक असतात त्यांच्यापैकी थोड्यांच्या शरीरात मात्र रोगप्रतिकारक यंत्रणा या तुकड्यांना शत्रू मानते आणि त्यांच्यावर चाल करताना स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तराचा नाश करते. अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म रसांकुर झडून आतडे आतून सपाट होते. मग लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे, सारेच खाल्ले तरी अंगी लागत नाही. कोणाला अतिसार होतो, कोणाची उंची खुंटते, कोणाचा पांडुरोग लोहाच्या गोळ्या वर्षभर घेऊनही हटत नाही, आणि काहींना तर वरकरणी काहीच त्रास जाणवत नाही. यावर औषध नाही. ग्लुटेन जन्मभर पूर्ण वर्ज्य करणे हाच एक उपाय आहे, आणि तो पाळला तर आतडे बहुधा पुन्हा भरून येते.

आता सिंधुदुर्गातील एखाद्या कुटुंबाला हे निदान सांगितले गेले, तर ऐकणाऱ्याच्या मनात पहिला विचार असा येतो की आपल्याला कसली अडचण? हा मुलूख तांदळाचा. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात आणि माशाची आमटी, रात्री तांदळाची भाकरी. न्याहारीला घावने किंवा आंबोळी. सणासुदीला नारळाच्या गोड रसात बुडालेले शिरवाळे, हळदीच्या पानांतल्या पातोळ्या, उकडीचे मोदक. नाचणी, कुळीथ, नारळ, कोकम, मासळी, काजू, फणस, आंबा यांपैकी कशातही ग्लुटेनचा कण नाही. फणसपोळी आणि आंबापोळी यांच्या नावांत पोळी असली तरी त्यांत गहू नसतो. पंजाबातल्या किंवा विदर्भातल्या ज्या घरी पोळीवाचून ताटाला पूर्णता नाही तेथे या पथ्याने सारा संसार उलथापालथा होतो. मालवण, वेंगुर्ले, देवगड या किनारपट्टीला ते जणू पूर्वजांनीच लिहून ठेवले आहे.

हा विचार खोटा नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातील तेवीस हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली होती. त्यांत उत्तरेला सीलिअॅकचे प्रमाण शेकडा १.२३, ईशान्येला ०.८७ आणि दक्षिणेला अवघे ०.१० आढळले. आनुवंशिक घटकांचे प्रमाण मात्र तिन्ही ठिकाणी जवळजवळ सारखेच, सुमारे एकतृतीयांश लोकांत, होते. भेद होता तो गव्हाच्या सेवनात: उत्तरेकडे माणशी रोज सरासरी ४५५ ग्रॅम, तर दक्षिणेकडे २५ ग्रॅम. कोकणाचा या पाहणीत समावेश नव्हता. परंतु त्यातून निघणारा बोध तांदूळ खाणाऱ्या कोणत्याही प्रदेशाने ध्यानी घ्यावा असा आहे, कारण देहाची प्रवृत्ती येथेही तीच असू शकते आणि गहू वाढत चालला आहे. एकेकाळी होळीच्या पुरणपोळीपुरता घरात येणारा हा पाहुणा, १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाल्यावर तेथल्या चाकरमान्याच्या पिशवीत पक्का बसला. पुढे शिधापत्रिकेवर तांदळाबरोबर गहू मिळू लागला, बेकऱ्या वाढल्या, आणि आज किनाऱ्यावरच्या लहानशा वाडीतही बिस्किटाचा पुडा, पाव आणि शेवयांची झटपट पाकिटे यांच्यावाचून दुकान मांडले जात नाही. उघड्यावरचा गहू टाळणे सोपे असते. तांदळाच्या मुलखात खरी पंचाईत होते ती न दिसणाऱ्या गव्हाची, कारण येथे कोणी त्याचा संशयच घेत नाही.

जी यांच्या बालकाला तारणारे शिनाणेच घ्या. मालवणच्या खाणावळीत आज शिनाणे मागवले तर ते मिठामसाल्यात मुरवून, रव्यात घोळून, तव्यावर कुरकुरीत तळून समोर येतात. सुरमई, पापलेट, बांगडा, सारेच बहुधा त्या रव्यातून जाते. हा रवा गव्हाचा असतो. त्यात ग्लुटेन भरपूर असतो, आणि एका माशाला चिकटलेल्या दोन लहान चमचे रव्यातून सुमारे पाचशे मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जातो. पूर्वी घरोघर मासळीला तांदळाची पिठी लावीत; अजूनही पुष्कळ घरांत लावतात, आणि चव त्याने तसूभरही उणी होत नाही. परंतु खाणावळीत आपल्यापुरती पिठी लावून घेतली तरी काम भागत नाही, कारण तवा एक, तेल एक आणि उलथने एक. त्या तेलात आधीच्या गिऱ्हाइकाच्या माशाचा रवा तरंगत असतो. म्हणून जाणत्या माणसाने तेथे तळलेल्या तुकडीच्या वाटेला न जाता माशाचे तिखले किंवा ओल्या खोबऱ्याचे सार, भात आणि सोलकढी मागवावी. तांदळाच्या भाकरीची मात्र परातीपासून पिठापर्यंत चौकशी करावी, कारण त्याच परातीत पोळ्यांची कणीक मळली जात असण्याचा संभव मोठा.

घरातलेही काही पदार्थ या दृष्टीने पुन्हा पारखून पाहिले पाहिजेत. कोंबडी-वड्यांतले वडे तांदळाचे म्हणून प्रसिद्ध. पण वड्यांच्या पिठात जाड्या तांदळाबरोबर उडीद, हरभऱ्याची डाळ, धणे, मेथी यांच्या जोडीला मूठभर गहू घालण्याची चाल अनेक घरांत आहे, आणि ज्या घरांत ती नाही तेथेही वडे थापताना पीठ सैल झाले की कणीक लावली जाते. मेतकुटात थोडे गहू भाजून घालतात. थालीपिठाच्या भाजणीत घालतात. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतातच. काकडीचे धोंडस मुळात तांदळाच्या रव्याचे; आता सोयीसाठी गव्हाचा रवा वापरणारे पुष्कळ आहेत. कुरडया गव्हाच्या चिकाच्या असतात हे सर्वांना ठाऊक असते, पण तळणीच्या ताटात त्या पोह्याच्या आणि फणसाच्या पापडांशेजारी बसल्या की त्यांचे मूळ विसरले जाते, आणि त्यांच्या तेलात मागाहून तळलेला निर्दोष पापडही मग निर्दोष राहत नाही. अलीकडे खपली गव्हाची मोठी वाखाणणी ऐकू येते, आणि तो जुना, देशी, पचायला हलका असल्यामुळे सीलिअॅकच्या रोग्याला चालतो असे कोणी कोणी सांगतात. हे सपशेल असत्य आहे. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे.

यापुढची बाब अशी की जिच्याकडे मी वाचकाचे लक्ष सर्वांत अधिक वेधू इच्छितो: ती म्हणजे पिठाची गिरण.

आपल्या गावची गिरण एकदा नीट न्याहाळून पाहावी. दारात दळणाचे डबे ओळीने मांडलेले असतात, आणि ज्याच्या त्याच्या डब्यावर झाकणाखाली चिठ्ठी किंवा पिशवीवर नाव. वरच्या चौकोनी पेटीत धान्य ओतले की ते दोन दगडांच्या मध्ये उतरते आणि पीठ होऊन कापडी नळीच्या तोंडातून खालच्या डब्यात पडते. दळण संपत आले म्हणजे गिरणवाला त्या नळीवर हाताने दोन थापा मारतो, डबा सरकवतो, आणि पाठोपाठ दुसऱ्याचे धान्य वर ओततो. दगडांच्या टाक्यांत, पेटीच्या कोपऱ्यांत आणि त्या कापडाच्या धाग्याधाग्यांत पहिल्या दळणाचे पीठ राहून जाते. हवेत उडालेले निराळेच. आपल्या आयाबायांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ज्वारीवर गहू दळले तर पोळी तुटते, म्हणून त्या गिरणवाल्याला बजावतात की माझे दळण गव्हावरच टाक; आणि भाकरी करणारी बाई सांगते की तांदळावर टाक. हा शिरस्ता चवीसाठी आणि हाताला लागणाऱ्या पिठाच्या गुणासाठी पडलेला आहे. सीलिअॅकच्या रोग्यासाठी तो जीविताच्या प्रश्नाइतका महत्त्वाचा ठरतो.

किती महत्त्वाचा, ते साध्या गणिताने समजेल. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने आणि आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थाला जी मर्यादा घालून दिली आहे ती एका किलोला २० मिलिग्रॅमची. गव्हाच्या एका ग्रॅम पिठात ढोबळमानाने ८० मिलिग्रॅम ग्लुटेन असतो. म्हणजे तांदळाच्या एक किलो पिठात गव्हाच्या पिठाचा केवळ पाव ग्रॅम, दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढा अंश, मिसळला की मर्यादा गाठली. गिरणीत मागे राहिलेले पीठ एक लहान चमचा, तीन ग्रॅम, धरू. त्यात २४० मिलिग्रॅम ग्लुटेन आला. आपले दळण पाच किलोंचे असले आणि ते सारखे मिसळले, तर किलोमागे ४८ मिलिग्रॅम. परंतु ते सारखे मिसळत नाही. बहुतेक सारे पहिल्या किलोतच उतरते. त्या किलोतल्या दोनशे ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या एका दिवसात खाल्ल्या तर सुमारे ४८ मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात गेला. इटलीतील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रोग्यांना रोज अवघे ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिला असता आतड्याला इजा होऊ लागल्याचे दिसून आले होते. मग तांदळाच्या भाकरीवर निष्ठेने राहणाऱ्या, गव्हाचा घासही न खाणाऱ्या रोग्याचे आतडे का भरून येत नाही, याचे उत्तर बाजारच्या पाकिटांत शोधण्यापूर्वी गिरणीच्या कापडी नळीत शोधावे, हे उघड आहे.

तजवीज अनेक प्रकारे करता येते. घरी जाते असेल आणि घरात ओढणारे हात असतील तर त्याहून उत्तम काही नाही. घरघंटी घेण्याची ऐपत असेल तर ती फक्त तांदूळ, नाचणी आणि कुळीथ यांच्यासाठी राखून ठेवावी. शेजाऱ्याचे गहू एकदा दळून देण्याचा भिडस्तपणा तिच्या बाबतीत करू नये. कुळथाच्या पिठीकडे विशेष लक्ष हवे, कारण ती थोडी लागते म्हणून दुसऱ्याच्या दळणामागे सहज दळून आणली जाते. गिरणीवरच अवलंबून राहणे भाग असेल, तर गिरणवाल्याला विश्वासात घ्यावे, दिवसातले पहिले दळण मिळाले तरी आदल्या रात्रीचे गहू दगडांत आहेतच हे विसरू नये, आणि निदान दोन किलो तांदूळ आधी दळून ते पीठ घरातल्या निरोगी माणसांसाठी बाजूला काढावे. हा उपाय पहिल्या दोहोंच्या तोडीचा नाही. याहून सोपा मार्ग असा की घावन आणि आंबोळी यांच्यासाठी तांदूळ भिजवून घरीच वाटावेत. तेथे गिरणीचा संबंधच येत नाही, आणि कोकणी स्वयंपाकाचा अर्धा भाग सुदैवाने वाटणाचाच आहे.

तव्याचीही एक गोष्ट आहे. घावने ज्या बिडाच्या तव्यावर होतात तो सच्छिद्र असतो, आणि त्याच्यावर पोळी भाजली की कणकेचा अंश त्याच्या अंगात मुरतो. लाकडी काठवट, पोळपाट आणि लाटणे यांचेही तेच. रोग्यासाठी तवा, काठवट आणि चाळण निराळी ठेवावी. बाकी भांडी नीट घासून चालतात. ताटवाट्या वेगळ्या करून घरातल्या एका माणसाला पंक्तीबाहेर बसवल्यासारखे करण्याचे मुळीच कारण नाही.

हिंगाविषयी पुष्कळ भय पसरलेले आहे, त्याचाही हिशेब मांडून पाहू. इराण-अफगाणिस्तानातून येणारा शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो तसाच फोडणीत टाकता येत नाही. म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळून बांधानी हिंग तयार करतात, आणि दुकानातल्या डबीत असतो तो हाच. हे पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. चिमूटभर हिंग म्हणजे पाव ग्रॅम, त्यात निम्मे पीठ धरले, तर साऱ्या भांडेभर आमटीत सुमारे १० मिलिग्रॅम ग्लुटेन गेला आणि चौघांच्या वाटणीला अडीच-अडीच मिलिग्रॅम आला. गिरणीतल्या पिठापुढे हे क्षुल्लक आहे. तरीही तो टाळावा, कारण दिवसातून दोनदा, वर्षाचे सर्व दिवस फोडणी होते, आणि टाळणे सोपे आहे: तांदळाचे पीठ घालून बांधलेला हिंग बाजारात मिळतो, त्याच्या डबीवर घटक छापलेले असतात, आणि मालवणी स्वयंपाकाचे हिंगावाचून फारसे अडतही नाही. मात्र डबीतल्या हिंगाच्या धास्तीने रात्र जागवणारा आणि गिरणीतून निःशंकपणे पीठ आणणारा माणूस आपली चिंता चुकीच्या ठिकाणी खर्च करीत असतो. हिंगाष्टक चूर्णासारख्या औषधांतही हाच हिंग असू शकतो, एवढे मात्र ध्यानात असू द्यावे.

पाकिटबंद मालाच्या बाबतीत कायदा ग्राहकाच्या बाजूने उभा आहे. २०२० सालच्या लेबलविषयक नियमांनुसार गहू, राय, जव, ओट यांपैकी काहीही पदार्थात घातले असेल तर ते स्वतंत्रपणे घोषित करावे लागते. पण या संरक्षणाला तीन भगदाडे आहेत. पहिले, लेबलवरचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की कायद्याची पूर्तता होते. चष्मा लावूनही न वाचता येणारी ती बारीक अक्षरे ज्या आजीच्या हाती घराचा स्वयंपाक आहे तिला मराठीत वाचायला मिळतीलच असे नाही. दुसरे, कारखान्यात शेजारच्या यंत्रावरून उडालेल्या गव्हाची सूचना देणे ऐच्छिक आहे. ती नसली म्हणजे तसे काही घडले नाही असा दाखला मिळत नाही. आणि तिसरे, वाण्याकडचा सुटा माल. पोत्यातले बेसन, डब्यातली शेव, तराजूवर मोजून दिलेले मसाला काजू यांना लेबलच नसते, आणि फरसाणाच्या कढईत सकाळी समोसे तळले होते की नाही हे विचारल्यावाचून कळत नाही. घटक वाचताना माल्ट हा शब्द दिसला की तो जवाचा समजावा. दुधात घालण्याच्या पुष्कळ पौष्टिक चूर्णांत तो असतो. माल्टोडेक्स्ट्रिन हा निराळा पदार्थ असून तो बहुधा मक्याचा असतो, त्याला भिण्याचे कारण नाही. चायनीजच्या गाड्यांवरचा सोया सॉस परंपरेने सोयाबीन आणि गहू आंबवून करतात, म्हणून तेथला तांदळाचा भातसुद्धा वर्ज्य. ओटमध्ये स्वतःचा ग्लुटेन गव्हासारखा नसला तरी ते शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हाच्या संगतीत वावरतात. गोळ्यांच्या पिष्टाविषयी औषधविक्रेत्याला विचारावे. साबण आणि तेल यांच्याविषयी काळजी नको. ग्लुटेन कातडीतून आतड्यात जात नाही, ओठांना लावायच्या वस्तूंपुरती दक्षता पुरे.

याहून अवघड असतो तो माणसांचा प्रसंग. गणपतीत घरोघर आरतीला जावे, आणि प्रत्येक घरी हातावर काही ठेवले जावे, ही येथली रीत. पंचखाद्य आणि मोदक यांचे भय नाही. सत्यनारायणाचा प्रसाद मात्र रव्याच्या शिऱ्याचा, आणि प्रसाद नाकारणे हा आपल्याकडे आहाराचा प्रश्न राहत नाही, तो देवाच्या आणि यजमानाच्या अपमानाचा होतो. 'वायच खा, काय होऊचा नाय' असे माया करणारी काकी म्हणते तेव्हा तिच्या शब्दांत आग्रहापेक्षा दुसरे काही नसते. तिला कोणी सांगितलेलेच नसते की त्या वायच घासात हजार मिलिग्रॅम ग्लुटेन असू शकतो. आंगणेवाडीच्या जत्रेतून आणलेले खाजे बेसनाचे आणि गुळाचे असते, पण करणाऱ्यागणिक त्यात मैदा पडू शकतो, विचारून घ्यावे. सावंतवाडी-मालवणकडच्या ख्रिस्ती कुटुंबांपुढे याहून नाजूक प्रश्न येतो, कारण मिस्सेतील पवित्र भाकर गव्हाचीच असली पाहिजे असा धर्मनियम आहे. त्यावर रोमच्या धर्मपीठाने २००३ साली असा निर्णय दिला की ग्लुटेनचा अल्प अंश असलेली भाकर ग्राह्य आहे, पूर्णतः ग्लुटेनविरहित भाकर नाही, आणि ज्याला तेवढाही अंश सोसत नाही त्याने केवळ द्राक्षारसाने कम्युनियन घ्यावे. दोन हजार वर्षांच्या विधीला एका आतड्याच्या विकारासाठी वाट काढून देता येते, तर प्रसादाचा शिरा एका माणसापुरता वरईचा किंवा तांदळाच्या रव्याचा करणे आपल्या यजमानांना जड जाऊ नये. उपवासाच्या पदार्थांची वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा ही सारी यादीच गव्हावाचून तयार झालेली आहे, आणि ती कोणत्याही पूजेला चालते.

शेवटी तपासणीविषयी. पोटाच्या तक्रारीला कंटाळून पुष्कळ लोक हल्ली स्वतःच्या मनाने गहू सोडतात आणि मागाहून डॉक्टरांकडे जातात. असे करू नये. टीटीजी प्रतिपिंडांची रक्तचाचणी आणि लहान आतड्याच्या अस्तराचा तुकडा काढून केलेली परीक्षा, दोन्ही गहू खाण्यात असतानाच खात्रीलायक ठरतात. आधी तपासणी, मग निदान, आणि मग पथ्य, हा क्रम मोडला तर जन्मभराचे पथ्य कशासाठी पाळायचे याचा पुरावाच नाहीसा होतो. निदान पक्के झाल्यावर आईबाप आणि भावंडे यांचीही चाचणी करून घ्यावी, कारण एका घरात एकाहून अधिक रोगी असणे असंभाव्य नाही.

हीच रक्तचाचणी पुढे घरातल्या पथ्याची कसोटी होते. गहू खरोखर बंद झाला असेल तर प्रतिपिंडांचा आकडा काही महिन्यांत उतरू लागतो आणि वर्ष-दोन वर्षांत बहुधा सामान्य पातळीवर येतो. तो उतरत नसेल तर रोग्याला चोरून बिस्किटे खाण्याचा दोष देण्यापूर्वी घरच्यांनी पीठ कोठून येते, ते कोणत्या दळणावर दळले, वड्यांच्या पिठात काय पडले, तवा कोणता, मासळीला काय लावले, हा सारा तपशील पुन्हा एकदा क्रमाने तपासावा आणि सहा महिन्यांनी चाचणी पुन्हा करून घ्यावी.